माशी आणि मनगट

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला पत्रे येतात ती बहुधा दोन जातींची असतात. एका जातीत ‘आपली कादंबरी वाचली, फार आवडली, सोबत माझा कवितासंग्रह पाठवीत आहे’ असे असते. दुसऱ्या जातीत ‘आपली कादंबरी वाचली’ एवढेही नसते. नुसताच कवितासंग्रह असतो. २०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत मला जे पत्र आले ते यांपैकी कुठल्याच जातीत बसेना. चांगली चार पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, मधूनमधून पेन्सिलीने काढलेल्या आकृत्या आणि शेवटी ‘आपली विद्यार्थिनी’. मी अगोदर आकृत्या पाहिल्या. रेषा स्वच्छ होत्या. शिकवणे अगदीच वाया गेलेले नाही, असे मनाशी म्हणालो आणि मग मजकुराकडे वळलो.

ही मुलगी दिंडोरीला माझ्या हाताखाली पाचवी ते दहावी चित्रकला शिकली. पुढे नाशिकला गेली, पिस्तूल चालवायला शिकली आणि आता तिथल्याच एका नेमबाजी क्लबात लहान मुलांना शिकवते. माझी एक कादंबरी तिने वाचली होती. कादंबरीचे नाव सांगत नाही; पहिली आवृत्ती अजून संपलेली नाही, एवढे मात्र सांगतो. तिच्यात एक शिकारी आहे. तो घोड्यावर बसल्या बसल्या एक डोळा मिटतो, श्वास रोखतो, कमरेचे पिस्तूल काढतो आणि पन्नास पावलांवरचे सांबर एका गोळीत पाडतो. हे लिहिताना माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले होते. मुलीने त्याच्यावर दीड पान खर्च केले होते. ‘सर, एक डोळा मिटू नये, दुसऱ्यावर ताण येतो. श्वास भरून रोखू नये, त्याने हात जास्त हलतो. आणि पिस्तुलाने शिकार अमेरिकेत करतात. तिकडे एका वेळी एकच गोळी भरायची पिस्तुलेच त्यासाठी निघाली आहेत. थॉम्प्सन सेंटरचे कंटेंडर १९६७ सालचे. पण ती माणसेसुद्धा अगोदर कित्येक महिने चांदमारीच्या जागी टेकू घेऊन सराव करतात आणि मग रानात जातात. आपल्याकडे तर १९७२ च्या कायद्याने शिकारच बंद झाली. तुमचा नायक कुठे शिकला?’

नायक कुठेच शिकला नव्हता. त्याचा निर्माता मॅट्रिकपर्यंत शिकला होता, तेवढ्यावरच त्याचे चालले होते. (दहावीला आता कोणी मॅट्रिक म्हणत नाही, वडील म्हणत, म्हणून मीही म्हणतो.) मॅट्रिकनंतर मी चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि मास्तर झालो. हातात खडू आला, पिस्तूल कधी आले नाही.

पण पत्राच्या शेवटच्या पानावर एक परिच्छेद होता, तो मी त्या दिवशी दोनदा वाचला आणि पत्र घडी करून ठेवून दिले. तो परिच्छेद कादंबरीच्या नवव्या प्रकरणाविषयी होता. त्या प्रकरणात एक शेतकरी आहे. दारू प्यायलेला. रात्री भुईमुगात डुकरे शिरतात म्हणून तो ठासणीची बंदूक घेऊन बांधावर जातो, बार काढतो आणि त्याचा स्वतःचाच गोऱ्हा मरतो. मुलीने लिहिले होते: ‘सर, बार कमरेच्या उंचीवर उडाला, जाळ तिथेच दिसला, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे त्याने बंदूक खांद्याला लावलीच नव्हती. मग त्याचा नेम चुकला असे कसे म्हणता? तो घोडा चढवताना निसटला असणार.’

जाळ कमरेच्या उंचीवर दिसला हे मी लिहिले, कारण तो मी तसा पाहिला होता. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. साल १९८९. बंदूक आमची होती, गोऱ्हा आमचा होता आणि तो शेतकरी म्हणजे माझे वडील, बापू.

---

पत्राचे उत्तर द्यायला मी स्वतःच नाशिकला गेलो. दिंडोरीहून नाशिक पंचवीस किलोमीटर. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, मग ढकांबे, म्हसरूळ, आणि एस.टी. दिंडोरी नाक्याला लागते. हा प्रवास मी जन्मभर करीत आलो आहे, पण या शहरात नेमबाजीचे एवढे मोठे बिऱ्हाड आहे हे मला ठाऊक नव्हते. भोसला मिलिटरी स्कूल १९३७ पासूनचे, ते माहीत होते. भीष्मराज बाम यांचे ‘विजयाचे मानसशास्त्र’ शाळेच्या कपाटात होते. पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी नाशिकला राहून खेळाडूंच्या मनाची मशागत केली आणि २०१७ साली ते गेले. त्यांच्या तालमीतल्या पिस्तुलाच्या प्रशिक्षक मोनाली गोऱ्हे २०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या त्या भयंकर लाटेत गेल्या. त्यांचे नाव माझी विद्यार्थिनी घेते ते कानाला हात लावून. आणि कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे याच शहरात घडला. त्याने पुढे २०२४ साली पॅरिसला पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक पदक यायला बहात्तर वर्षे लागली.

क्लबाची जागा म्हणजे एक लांबट शेड. एका टोकाला लाकडी ओटे, दहा मीटरवर दिव्यांच्या उजेडात पांढरी कार्डे. तळहाताहून थोडे मोठे कार्ड, मध्ये साठेक मिलिमीटरचे काळे वर्तुळ आणि त्याच्या पोटात साडेअकरा मिलिमीटरचा दहा गुणांचा गोल. साडेअकरा मिलिमीटर म्हणजे काय, तर शर्टाचे बटण. ओट्याशी नववी-दहावीची पोरे एक हात खिशात घालून, दुसऱ्या हातात पिस्तूल धरून उभी होती. त्या हाताखाली टेकू नाही, पट्टा नाही. प्रत्येक वेळी खटका उघडायचा, साडेचार मिलिमीटरचा चपट्या डोक्याचा शिशाचा छर्रा बोटाने आत बसवायचा, खटका मिटायचा, हात उचलायचा, एक बार. पुन्हा पहिल्यापासून. घाई करायची सोयच नाही. मला ही एकेक भरण्याची रीत आवडली. ठासणीच्या बंदुकीचीच ती नात म्हणायची.

“सर, धरून बघा,” ती म्हणाली.

मी धरले. सुमारे किलोभर वजन. हात खांद्याच्या रेषेत गेला आणि पिस्तुलाच्या टोकाने हवेत इंग्रजी अक्षरे काढायला सुरुवात केली. पोरे सभ्य होती, हसली नाहीत. तिने मात्र पाहिले. मास्तरांचा हात हलतो, हे तिने बहुधा वर्गातही पाहिले असावे.

---

इथे थोडे मागे जायला हवे. त्याच्या अगोदर दोनेक वर्षांपासून माझी फळ्यावरची रेषा बिघडत चालली होती. हात टेकला की ठीक, खडू उचलून धरला की कापरे. आडवी रेषा काढावी तर तिला करवतीचे दाते येत. मुलांना वाटे, मास्तर मुद्दाम लाटा काढतात. मी फळ्यावर काढणे कमी केले, तोंडी सांगू लागलो. चित्रकलेचा मास्तर तोंडी सांगू लागला, म्हणजे गवयाने गाणे लिहून दाखवण्यापैकीच ते. चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागलो. स्टाफरूममध्ये एकदा कोणीतरी म्हणाले, “मास्तर, काल रात्री जास्त झाली वाटतं.” सगळे हसले, मीही हसलो. मी दारूला कधी शिवलेलो नाही. का शिवलो नाही, ते वरच्या नवव्या प्रकरणात आले आहे.

क्लबातून परतल्यावर आठवडाभराने मी नाशिकच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, “गोगलगाईच्या शंखासारखं वेटोळं काढा. हात कागदाला टेकवू नका.” मला हसू आले. शंख मी जन्मात किती हजार काढले असतील. पेन घेतले आणि काढला. डॉक्टर कागदाकडे पाहत होते, मीही पाहिले. शंखाच्या कडेला बारीक बारीक काटे आले होते, जसे काही गोगलगाईला थंडी वाजत होती.

डॉक्टर म्हणाले, कंपवात म्हणतात तो हा नव्हे. त्यात हात निवांत मांडीवर असताना हलतो. तुमचा हात काम करताना, उचलून धरल्यावर हलतो. हा घराण्यातून येतो. आईबापांपैकी एकाला असेल तर मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. मग त्यांनी विचारले, “घरात कुणाचा हात हलायचा?”

“वडिलांचा. पण ते दारू प्यायचे.”

“दारू घेतल्यावर जास्त हलायचा, की कमी?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तसाच राहिलो. बापू सकाळी पाभर धरायच्या अगोदर घोटभर घ्यायचे. लग्नकार्यात पंगतीला वाढायच्या अगोदर घ्यायचे. मी लहानपणी पाहिलेले ते सगळे चित्र असे होते: बापू पितात, आणि त्यांचे हात थरथरतात. या दोन गोष्टींमध्ये मी ‘म्हणून’ हा शब्द घातला होता, आणि तो घालताना कोणता आधी आणि कोणता नंतर, हे पाहिले नव्हते.

“थोडी दारू पोटात गेली की हे कंप तासाभरापुरते कमी होतात,” डॉक्टर म्हणाले. “औषध म्हणून वाईट. पण पूर्वी लोकांना दुसरं काय ठाऊक होतं?” आणि त्यांनी प्रोप्रॅनोलॉलच्या गोळ्या लिहून दिल्या.

---

गोळ्यांनी फरक पडला. आठ-दहा दिवसांत फळ्यावरची रेषा बरीच सरळ आली. मी खूश होऊन नाशिकला गेलो आणि विद्यार्थिनीला म्हणालो, “आता शिकव. हात आणला आहे दुरुस्त करून.”

तिने गोळीचे नाव विचारले आणि डोक्याला हात लावला. आमच्या खेळात ही गोळी चालत नाही, ती म्हणाली. हृदयाचे ठोके सावकाश करणारी, हात शांत ठेवणारी ही औषधे नेमबाजांना मना आहेत. स्पर्धेतही आणि स्पर्धेबाहेरही. २००८ साली बीजिंगला उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याने पिस्तुलात दोन पदके मिळवली होती, एक रौप्य आणि एक कांस्य. तपासणीत प्रोप्रॅनोलॉल सापडले आणि दोन्ही परत द्यावी लागली.

“पण मी कुठे ऑलिंपिकला चाललो आहे?”

“नाही चाललात. पण सर, गोळी घेऊन शिकलात तर गोळीचा हात शिकेल, तुमचा नाही शिकणार. तुम्हीच सांगायचा ना, पट्टी लावून काढलेली रेषा पट्टीची असते.”

हे मी सांगत असे खरेच. आपली वाक्ये अशी परत येतात तेव्हा मास्तरला काय वाटते, ते मास्तरच जाणे.

डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, तुमचा आजार जिवावरचा नाही, गोळी हवी तेव्हा घ्या, नको तेव्हा नका घेऊ. फक्त रोज चालू असलेली एकदम तोडू नका, हळूहळू उतरवा. तसे केले. फळ्यावरची रेषा पुन्हा दातेरी झाली. मी वर्गात मुलांना सरळ सांगून टाकले की, माझा हात हलतो, याला असे असे म्हणतात, आणि रेषा तुम्ही काढायची, मी बघणार. मुलांनी ‘बरं’ म्हटले आणि विषय संपला. दोन वर्षे ज्याची मी भीती बाळगली होती त्याचा निकाल अर्ध्या मिनिटात लागला.

---

आता शिकलो ते सांगतो. इथे मी लांबण लावणार आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी शेवटचे पान काढावे.

बंदुकीच्या नळीच्या टोकाला जो दाणा असतो त्याला आपले जुने लोक माशी म्हणत. नळीवर माशी बसावी तशी ती बसलेली असते. पिस्तुलावर पुढे माशी आणि मागे चौकोनी खाच. खाचेच्या मधोमध माशी दिसली पाहिजे, दोन्ही बाजूंना उजेडाच्या सारख्या फटी, माथे एका पातळीत. एवढे माझ्या नायकालाही ठाऊक होते. त्याला जे ठाऊक नव्हते ते असे, की डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावरचे स्पष्ट दिसते. खाच, माशी आणि कार्ड, या तिघांपैकी एक निवडावे लागते. माणूस साहजिकच कार्डाकडे पाहतो, कारण मारायचे ते तिथे आहे. आणि तिथेच चुकतो. पाहायचे ते माशीकडे. कार्ड धूसर राहू द्यायचे.

का, ते तिने ओट्यावर पेन्सिलीने काढून दाखवले. पिस्तुलाच्या खाचेपासून माशीपर्यंत अंतर सुमारे बत्तीस सेंटीमीटर. कार्ड दहा मीटरवर. खाचेत माशी एक मिलिमीटर सरकली, म्हणजे मनगट तेवढे मुरडले, तर कार्डावर छर्रा तीन सेंटीमीटर सरकतो. दहाचा सात होतो. आणि हात सबंधच, माशी आणि खाच जागच्या जागी ठेवून, पुरा एक सेंटीमीटर बाजूला गेला तर? छर्राही सेंटीमीटरच जातो. दहाचा नऊ होतो.

“म्हणजे हात हलला तरी चालेल?”

“हात सगळ्यांचाच हलतो, सर. ऑलिंपिकवाल्यांचाही हलतो, तुमच्यापेक्षा कमी हलतो एवढंच. मनगट नाही हलू द्यायचं.”

मी त्या आकृतीकडे बराच वेळ पाहत राहिलो. शेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात, त्यातली वीसेक वर्षे रेषा शिकवण्यात घालवून, हलणे आणि मुरडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला कोणी सांगितले नव्हते.

माशी पाहायची खरी, पण ती दिसेना. चाळिशी लागलेली. दूरचे बिनचष्म्याचे दिसते, जवळचे चष्म्याने दिसते, आणि माशी असते हाताच्या अंतरावर, ना दूर ना जवळ. चष्मेवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, “वाचायला हवा की गाडी चालवायला?” मी म्हणालो, “तीन फुटांवरची माशी बघायला.” त्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले. पण नंबर बरोबर काढून दिला.

मग पाय. तिने मला कार्डाकडे जवळजवळ खांदा करून उभे केले आणि डोळे मिटून हात उचलायला सांगितले. डोळे उघडले तर पिस्तूल शेजारच्या पोराच्या कार्डावर. मी मनगटाने ते ओढून माझ्या कार्डावर आणले. “नाही, पाय हलवा,” ती म्हणाली. अंग जिकडे वळलेले असते तिकडेच हात परत जातो. बळाने आणलेला हात चाप दाबण्याच्या क्षणी आपल्या जागी पळतो. म्हणून मागचा पाय बोटभर सरकवायचा, पुन्हा डोळे मिटायचे, पुन्हा पाहायचे. पहिले दोन रविवार मी एकही छर्रा न उडवता नुसता पाय सरकवत होतो. बसच्या तिकिटाचे पैसे पायाला लागले.

चाप हा तर स्वतंत्र विषय आहे. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा चाप निदान पाचशे ग्रॅमचा हवा, असा नियम आहे. पाचशे ग्रॅम म्हणजे अर्धा किलो साखर बोटाने उचलण्याइतके. माशी बरोबर काळ्याच्या खाली आली, आता, आता दाबा, असे मन ओरडते आणि बोट दचकून ओढते. त्या ओढण्याने मनगट मुरडते आणि छर्रा खाली डावीकडे जातो. माझ्या पहिल्या महिन्याची सगळी भोके खाली डावीकडे आहेत. उपाय असा, की ‘आता’ हा शब्दच मनातून काढायचा. हात हलतो आहे, हलू दे. माशी खाचेत आहे ना, मग बोटाने सावकाश, सरळ मागे दाबत राहायचे. बार कधी उडेल ते आपल्याला कळता कामा नये. उडाल्यावरही लगेच हात खाली नाही. दोन-तीन सेकंद तसेच उभे राहायचे आणि कार्डाकडे पाहण्याअगोदर सांगायचे, कुठे लागला. “आठ, उजवीकडे.” पाहिले, तर आठ, उजवीकडे. ज्या दिवशी हे पहिल्यांदा जमले त्या दिवशी मला दहा लागल्याहून जास्त आनंद झाला. आपण काय केले ते आपल्यालाच कळणे, ही माझ्या वयाला नवी गोष्ट होती.

आणि सगळ्यांत अवघड, हात खाली घेणे. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, तिथे एक नैसर्गिक थांबा असतो, त्यात सहा-आठ सेकंद मिळतात. तेवढ्यात बार उडाला नाही तर उडवायचा नाही. पिस्तूल ओट्यावर टेकवायचे, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायचे. पण एवढा वेळ धरले, आता सोडायचे कसे, असे वाटते आणि माणूस दाबून टाकतो. माझ्या सगळ्या वाईट छऱ्यांमागे हीच गोष्ट आहे. कादंबरीतल्या वाईट प्रकरणांमागेही हीच असावी. पण तो विषय संपादकांनी दिलेला नाही.

घरी पिस्तूल नव्हते, तेव्हा किराणावाल्याकडून किलोचे लोखंडी माप आणले आणि रोज संध्याकाळी पांढऱ्या भिंतीसमोर ते धरून उभा राहू लागलो. बायको म्हणाली, “दुकान काढताय का?” भिंतीसमोर उभे राहण्यात मोठा गुण आहे. भिंतीवर मारायला काही नसते. म्हणून नजर हाताकडे राहते.

छर्रे कुठे लागतात त्यावर दर बाराला खाच फिरवायची नाही, हेही तिथेच शिकलो. अगोदर पाच छऱ्यांचा घोळका जमू द्यायचा. तो कार्डाच्या कोपऱ्यात जमला तरी चालेल, पण जमला पाहिजे. मग खाच फिरवून सबंध घोळकाच मध्ये आणता येतो. विखुरलेल्या भोकांना कुठे हलवणार? माझा घोळका सुरुवातीला पुरणपोळीएवढा होता, कार्डात मावत नव्हता. वर्षाने पुरीएवढा झाला. आता पेढ्यापर्यंत आला आहे. बटण अजून लांब आहे.

ती मला कधी कधी कारोली ताकाचची गोष्ट सांगते. हंगेरीचा हा सैनिक पिस्तुलाचा नेमबाज होता. १९३८ साली हातबाँब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने डाव्या हाताने शिकून १९४८ आणि १९५२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके मिळवली. गोष्ट मोठी आहे, पण मला ती ऐकून धीर येत नाही, थकवा येतो. माझा डावाही हलतो.

---

गेल्या वर्षी तिने मला एका लहान स्पर्धेत उभे केले. साठ बार, दीड तास. माझ्या एका बाजूला तेरा वर्षांचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. सहाशेपैकी चारशे अठ्ठ्याहत्तर झाले. देशपातळीवरची मुले पाचशे सत्तर-ऐंशीच्या घरात असतात, तेव्हा त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. तेराव्या वर्षाच्या मुलाने मला सांगितले, “काका, तुम्ही फार वेळा खाली घेता.” मी म्हणालो, “हो रे.”

पण स्पर्धेपेक्षा मला सांगायची आहे ती एक साधी गोष्ट. क्लबात एका जुन्या सभासदाने ठासणीची बंदूक आणून दाखवली होती, रीतसर परवान्याची. नळीत दारू, वर बोळा, मग छर्रे, गजाने ठासायचे, मागे कानावर टोपी बसवायची आणि अंगठ्याने घोडा मागे ओढायचा. रिकामी होती. मी घोडा ओढून पाहिला. स्प्रिंग चांगलीच ताठ. घोडा अर्ध्यावर आला आणि माझा अंगठा थरथरला. पूर्ण मागे जाऊन अडकण्याअगोदर तो अंगठ्याखालून निसटला आणि खट् करून पडला. बंदूक माझ्या कमरेशी होती.

तिथे कोणाला काही वाटले नाही. रिकाम्या बंदुकीचा घोडा पडला, एवढेच. मी बंदूक परत दिली आणि बाहेर जाऊन नळावर तोंड धुतले.

१९८९ च्या त्या रात्री बापू डुकराला मारायला गेले नव्हते. बंदुकीचा परवाना पीक राखण्याचा होता; हवेत एक बार काढायचा, डुकरे पळतात. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करायची, निवडणूक संपली की आणायची. मी कंदील घेऊन मागे होतो. घोडा ओढल्याचा आवाज मला आठवत नाही. कमरेशी जाळ आठवतो आणि मग गोऱ्ह्याचे ओरडणे. दोन वर्षांचा पांढरा गोऱ्हा, पुढच्या पोळ्याला जुंपायचा होता. सकाळी सगळी वस्ती गोळा झाली. “पिऊन बंदूक धरली, दुसरं काय होणार,” कोणीतरी म्हणाले, आणि बापू काही बोलले नाहीत. त्यानंतर बंदूक ठाण्यात गेली ती परत आली नाही. बापू आणखी पंधरा वर्षे जगले, २००४ साली वारले, आणि त्या पंधरा वर्षांत त्यांनी एकदाही सांगितले नाही की, मी प्यालो नव्हतो. का सांगितले नाही, यावर मी पुष्कळ विचार केला. मला वाटते, दारुड्याला गाव हसते, पण कामाला बोलावते. ज्याचे हातच ऐकत नाहीत त्याला पाभरीवर कोण उभे करणार? त्यांनी दोन नावांपैकी त्यातल्या त्यात चालणारे नाव घेतले असावे. हा माझा तर्क. पूर्वीचाही माझा तर्कच होता, आणि तो मी छापून घेतला होता.

आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे. लिहायला-वाचायला येत नाही. यंदा गणपतीत मी तिच्यापाशी बसलो आणि डॉक्टर काय म्हणाले, घोडा कसा निसटला, सगळे सांगितले. ती शेंगा फोडीत होती.

“त्या राती त्यांनी घेतली नव्हती,” ती म्हणाली. “घरात दमडी नव्हती, कशाची घेतील? घेतली असती तर हात नसता हलला.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“तू इचारलं होतं का कधी?”

मी काही वेळ गप्प राहिलो. मग म्हणालो, “आई, मी त्या पुस्तकात...”

“ठाऊक हाय. शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं मी.” तिने दोन शेंगा फोडल्या, फोलपटे बाजूला केली. “गोऱ्हा चांगला लिहिलास.”

यापुढे ती काही बोलली नाही आणि मलाही काही विचारता आले नाही. नववे प्रकरण मी पुन्हा लिहायला घेतले आहे. प्रकाशक म्हणतात, पहिली आवृत्ती संपू द्या. विद्यार्थिनी म्हणते, सांबराचेही बघा.

संध्याकाळ झाली तसे मी सवयीने किलोचे माप घेऊन भिंतीसमोर उभा राहिलो. आई खाटेवरून पाहत होती. थोड्या वेळाने म्हणाली, “आण इकडं.” मी तिच्या हातात दिले. तिने हात लांब करून ते धरले. चुड्याच्या जागी नुसत्या शिरा राहिलेला तो हात, तो जरासुद्धा हलला नाही. “हे एवढंच व्हय?” ती म्हणाली, आणि माप नेऊन लिंबाच्या लोणच्यावर दाब म्हणून ठेवून आली. भिंतीसमोर धरायला मला आता दुसरे आणावे लागणार आहे.